एकाब्बरच्या झाडावरचा काप

मोकसेद मोल्लाला ताप भरला की तो बायकोला आधी विचारायचा, "एकाब्बरच्या घरी कोणाला ताप आहे का गं?" नसला, तर याचा ताप आणखी चढायचा. असला, तर एकाब्बरला बघायला कोण कोण गेलं आणि आपल्याकडे कोण फिरकलंसुद्धा नाही, यावर त्याची सगळी दुपार जायची. असा हा माणूस. वाईट नव्हता. पण पोटात एक निखारा घेऊन जन्माला आला होता आणि आयुष्यभर त्यावर फुंकर घालत राहिला.

हातिमडांगा गावात दोघेही गाछी. गाछी म्हणजे थंडी पडायला लागली की कमरेला दोर आणि टोपली बांधून शिंदीच्या झाडांवर चढणारा माणूस. दुपार कलल्यावर झाडाचा गळा कोयत्याने पातळ तासायचा, बांबूच्या नळीखाली मडकं टांगायचं आणि सकाळी रसाने भरलेलं मडकं उतरवायचं. मग तो रस बायका चुलाणावर आटवायच्या आणि ढेपा पाडायच्या. जशोरच्या पश्चिमेला, कपोताक्ष नदीच्या अंगाला, अर्धा मुलूख हिवाळाभर या गुळावर जगायचा आणि उरलेला अर्धा तो खायला मिळावा म्हणून जगायचा.

आणि गूळ म्हटलं की नाव निघायचं एकाब्बर शेखचं. त्याची ढेप बोटाने दाबली की आतून मऊ ओल सुटायची, रंग नव्या पितळेचा. हाटेत लोक मोकसेदच्या पाटीपुढे थांबायचे, ढेप उचलून हुंगायचे आणि विचारायचे, "एकाब्बर आला नाही का अजून?" मोकसेदच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचा गूळ काही वाईट नव्हता. चांगला होता. पण चांगल्याचं दुःख फक्त दुसऱ्या नंबरवाल्यालाच कळतं.

सगळ्यात मोठा घाव त्याच्या लग्नातला होता. निकाह झाला, पानं मांडली, खीर वाढली, आणि सासऱ्याने भरल्या मांडवात हसत सांगितलं, "खीर पोटभर खा हो! जावई गाछी असला म्हणून काय झालं, गूळ आम्ही एकाब्बरकडूनच आणलाय." सगळा मांडव हसला. नवरी, म्हणजे सायरा, तीही पदराआड हसली. मोकसेदने ती खीर अजून गिळलेली नव्हती.

"अहो, मी लहान होते तेव्हा," सायरा म्हणायची. "हसू आलं, हसले."

"मग आज रडून दाखव."

"आज चुलाणाच्या धुराने रोजच रडतेय. तेवढं पुरे नाही का?"

तर या निखाऱ्यापायी मोकसेदने एक खोड लावून घेतली होती. तो एकाब्बरचा हात शिकत होता. कोणाला न सांगता. एकाब्बर झाडावरून उतरून गेला की हा वाट वाकडी करून त्या झाडाखालून जायचा, मान वर करून काप बघत राहायचा. खाली पडलेल्या चोया उचलून बोटांत फिरवायचा. एकाब्बरचा काप उजवीकडे किंचित उतरता असायचा, कडेला एक बारीक पन्हळ, त्यातून रस थेंबथेंब सरळ नळीत. आपल्याच झाडावर मोकसेदने शंभरदा तसा काप घालून पाहिला होता. जमत आला की त्याला स्वतःचाच राग यायचा आणि पुढच्याच वेळी तो आपल्या जुन्या पद्धतीने घालायचा. चोरी करायची आणि चोरीचा माल वापरायला लाजायचं, हा कसला चोर!

ते वर्ष एकाहत्तरच्या लढाईचं. वसंतात मिलिटरी आली, पाचबाडियाचा बाजार जळाला, लोक पोरंबाळं खांद्यावर घेऊन सरहद्दीपलीकडे चालत गेले. काही तिकडेच राहिले, काही पावसाळ्यानंतर परतले. कुंभारांची आळी अख्खी गेली ती आलीच नाही. सडकेवरच्या शाळेत मिलिटरीची छावणी बसली, आणि मिलिटरीने गावातल्याच काही पोरांच्या हातात बंदुका देऊन त्यांना रझाकार केलं. आमच्या भागात त्यांचा म्होरक्या कुद्दूस. त्याचा बाप गाछी होता, चांगला गाछी. पोराने मात्र झाडाऐवजी बंदूक धरली आणि काल ज्यांना चाचा म्हणत होता त्यांच्या कोंबड्या उचलायला लागला. झाडीत, पाणंदीत, नदीपल्याड मुक्तीची, म्हणजे मिलिटरीशी लढणारी, पोरं होती. ती कोणाला दिसायची नाहीत. त्यांनी उडवलेले पूल तेवढे दिसायचे.

पण हिवाळा काही लढाई विचारून येत नाही. कार्तिक संपता संपता गाछी झाडावर चढले. कुंभार नव्हते म्हणून नवी मडकी नव्हती. गेल्या वर्षीची काळी, कडा उडालेली मडकीच जिवापाड जपत प्रत्येकजण वापरत होता. एखादं फुटलं तर घरात मयत झाल्यासारखी शांतता व्हायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती गाछीच्या पोटच्या पोरालाही ठाऊक असते. झाड काही दिवस कापायचं, मग तितकेच दिवस निजू द्यायचं. निजलेलं झाड जागं झालं की पहिल्या रात्रीचा रस काचेसारखा येतो आणि गूळ सोन्यासारखा होतो. निजलेल्या झाडाला मध्येच कोयता लावला, तर रस गढूळ, आंबूस, आणि झाडाचं आयुष्य कमी. असं करणाऱ्या गाछीला लोक हावरट म्हणतात, आणि आमच्याकडे गाछीला याहून मोठी शिवी नाही.

आणि एका संध्याकाळी, आपल्या झाडाच्या शेंड्यावरून मोकसेदला दिसलं, की सडकेच्या बांधावर एकाब्बरचं जे सगळ्यात उंच, वाकडं झाड होतं, त्यावर मडकं टांगलंय. त्या ओळीची झाडं तर निजलेली! एकाब्बरचे कापायचे आणि निजवायचे दिवस मोकसेदला स्वतःच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ होते. त्याने डोळे चोळले. मडकंच होतं.

त्याला इतका आनंद झाला की दोर सैल सोडून पडायचाच बाकी होता.

घरी येऊन सायराला म्हणाला, "तुझा एकाब्बर हावरट झाला."

"माझा कुठला? तुमचाच. दिवसभर तुम्हीच त्याचं नाव घेता."

"निजलेलं झाड कापतोय. शप्पथ. डोळ्यांनी बघितलं."

सायरा काहील खरवडत होती, तिचा हात थांबला. "एकाब्बरभाई? छे. काहीतरी कारण असेल."

या 'काहीतरी कारण असेल'ने मोकसेदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण चूक केली असती तर हिने कारण शोधलं असतं का? लगेच म्हणाली असती, 'केलंत ना शेवटी!' पुढच्या खेपेलाही तेच मडकं तिथेच दिसलं, शुक्रवारी. आणि मग हाटेच्या दिवशी सकाळी पुन्हा. मोकसेदने ठरवलं, आता हे पोटात ठेवायचं नाही.

पाचबाडियाची हाट तेव्हा निम्मी भरायची, पण गुळाची ओळ होती. एकाब्बर त्या दिवशी आला नव्हता. एक म्हातारा नेहमीप्रमाणे मोकसेदची ढेप हुंगून म्हणाला, "एकाब्बर नाही आला?" आणि मोकसेदचा बांध फुटला.

"एकाब्बरचा गूळ पाहिजे? खा, खा! निजलेल्या झाडाचा रस पितोय तुमचा एकाब्बर! बांधावरचं वाकडं झाड बघून या जाऊन. तीन खेपा झाल्या. झोपलेल्या झाडाला कोयता लावतो आणि तुम्ही त्याच्या नावाने खिरी शिजवता!"

लोक गोळा झाले. कोणी म्हणालं, "काय सांगतोस!" कोणी तोंडावर हात ठेवला. मोकसेदला आयुष्यात पहिल्यांदा गुळाच्या ओळीत सगळे आपल्याकडे बघताना दिसत होते. तो बोलत राहिला. गर्दीच्या मागे कुद्दूस बंदूक टेकून ऊस चघळत उभा आहे, हे त्याला दिसलं तेव्हा बोलून झालं होतं.

बाकीचे हसत होते. कुद्दूस हसला नाही. गाछीचा पोरगा तो.

"चाचा," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मडक्यांची एवढी टंचाई, आणि एकाब्बर निजलेल्या झाडावर मडकं अडकवून ठेवतो? कधी कधी दिसलं तुम्हाला?"

"मला काय माहीत, मी सहज..."

"आत्ता तर तीन खेपा म्हणालात. शुक्रवारी होतं का?"

मोकसेदने पाटीवरचं फडकं सारखं केलं. शुक्रवारी रात्री सडकेवरची मोरी उडाली होती, मिलिटरीच्या गाडीसकट. "होतं," तो म्हणाला. नाही म्हणायची अक्कल त्याला नंतर सुचली.

"आज आहे?"

"सकाळी येताना होतं."

कुद्दूसने उसाचा चोथा थुंकला. "उद्या सकाळी आम्ही येतो. तुम्हीही तिथे हजर राहा, चाचा. मडक्यात रस निघाला, तर एकाब्बर हावरट. चार फटके मारून सोडू. आणि मडकं कोरडं निघालं, तर मग ते कोणाला दिसावं म्हणून टांगलं होतं, ते छावणीतले मेजरसाहेब विचारतील." मेजरसाहेबांनी विचारलेली माणसं शाळेच्या मागच्या खड्ड्यात होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मोकसेदने पाटी उचलली आणि तो घरी न जाता तडक बांधाकडे निघाला. वाटेत तो स्वतःला समजावत होता. हावरटच असणार. हावरटच असू दे. अल्ला, आयुष्यभर याचं वाईट चिंतलंय, आजही चिंततो, हा हावरटच निघू दे.

उन्हं उतरली होती. सडकेवर कोणी नव्हतं. त्याने दोर टाकला आणि तो वाकड्या झाडावर चढला. मडक्यात हात घातला. मडकं कोरडं ठणठणीत. वरचा काप जुना, वाळलेला, कोयता लागून चांगले दिवस झालेले. एकाब्बरने झाडाला हातही लावला नव्हता. आणि त्या शेंड्यावरून नदीपल्याडची झाडी सरळ समोर दिसत होती, म्हणजे त्या झाडीतूनही हे झाड सरळ दिसत असणार. निजलेल्या झाडावरचं मडकं, म्हणजे मुक्तीच्या पोरांना खूण. मिलिटरीवाल्यांना मडकी सगळी सारखीच. कोणतं झाड निजलंय ते फक्त त्यालाच कळणार, ज्याला एकाब्बरने आधी सांगून ठेवलंय.

त्यांना आणि मोकसेदला.

आता जे झालं ते लपवून सांगण्यात अर्थ नाही. मोकसेद झाडाच्या गळ्याला टेकून बसला, आणि त्याच्या मनात आलं ते हे: उद्यापासून हाटेत एकाब्बर नसेल. लोक ढेप उचलतील, हुंगतील आणि विचारणार नाहीत. गुळाच्या ओळीत पहिली पाटी आपली. काही करायचं नाही. फक्त खाली उतरायचं आणि घरी जायचं. हा विचार त्याला गोड लागला. क्षणभर खरंच गोड लागला.

मग त्याची नजर समोरच्या जुन्या कापावर गेली. इतक्या जवळून तो पहिल्यांदाच बघत होता. ती उजवीकडची उतरण, ती पन्हळ. हा हात उद्या खड्ड्यात जाणार. मग आपण कोणापेक्षा सरस व्हायचं? कुद्दूसपेक्षा? आणि लोक पहिली पाटी म्हणून आपल्याकडे येतील ते काय म्हणत येतील? एकाब्बर मेला, आता हाच घ्यावा लागतो.

"मेल्यावरसुद्धा हा पुढेच राहणार!" मोकसेद मोठ्याने म्हणाला, आणि त्याने कमरेचा कोयता काढला.

एकाब्बरला पळ म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. तो पळाला असता तर रझाकारांनी त्याची बायको हाजेरा हिच्यासकट घर पेटवून दिलं असतं. मडकं काढून टाकावं, तर कुद्दूसला तेवढंच पुरलं असतं. रस हवा होता, सकाळपर्यंत ठिबकलेला रस. आणि कुद्दूस गाछीचा पोरगा. काप मोकसेदच्या हातचा दिसला, तर खड्ड्यात दोघं जाणार. म्हणून मोकसेदने आयुष्यात पहिल्यांदा न लाजता एकाब्बरचा काप घातला. पातळ, एका ओढीत, उजवीकडे उतरता. कडेला पन्हळ. पहिला थेंब नळीच्या तोंडाशी आला, थांबला आणि मडक्यात पडला. त्याने आपल्या कामाकडे पाहिलं आणि त्या भीतीतही त्याची छाती फुगली. मग तो उतरला आणि घरी जाऊन न जेवता पडून राहिला. सायराने कपाळाला हात लावला. "एकाब्बरच्या घरी कोणाला ताप नाही," ती म्हणाली. तो काही बोलला नाही, तेव्हा ती घाबरली.

सकाळी दवात सगळे बांधावर जमले. रझाकारांनी एकाब्बरला त्याच्याच दोराने हात बांधून आणलं होतं. मागे हाजेरा पदर तोंडात कोंबून उभी. मोकसेद दोर घेऊन पुढे झाला, तसा कुद्दूसने त्याला अडवलं.

"तुम्ही खालीच थांबा, चाचा. तुमचं-त्याचं वाकडं. तुम्ही कोरडं मडकंही ओलं सांगाल नाहीतर ओलं कोरडं. मीच बघतो."

बंदूक दुसऱ्याच्या हातात देऊन तो चढला. छावणीच्या मटणाने अंग सुटलं होतं तरी बापाचं शिक्षण पायात होतं. वर पोचल्यावर त्याने कापावरून अंगठा फिरवला. मोकसेद खाली उभा होता आणि त्याला वरचा तो काप बंद डोळ्यांनी दिसत होता. डावीकडे जरा जास्त दाबला का? पन्हळ सरळ गेली ना?

"रस आहे!" कुद्दूस ओरडला. "आणि काप कालचाच!" मग थोडा थांबून, जरा हिरमुसून, "हात एकाब्बरचाच. असा हात दुसऱ्या कोणाचा नाही."

मोकसेदने हातातला दोर खाली ठेवला. सुटकेने ठेवला आणि दुसऱ्याही एका कारणाने ठेवला. आयुष्यात कोणी त्याच्या कापाला इतकं चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते एकाब्बरचं नाव घेऊन.

एकाब्बरचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं. न घातलेल्या कापाचा रस निघाला, तर माणसाने कसं तोंड करावं? त्याची नजर झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या ताज्या चोयांवर गेली. मग मोकसेदच्या कमरेच्या कोयत्यावर. मग तो मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली, बाबा. हाव सुटली."

कुद्दूसने खाली येऊन रसाचा घोट घेतला आणि थुंकला. "आंबूस! लाज नाही वाटत? माझ्या बापाने शिकवलेला गाछी तू, आणि निजलेलं झाड कापतोस?" त्याने एकाब्बरच्या मुस्काटात दिली, मडकं बुंध्यावर आपटून फोडलं आणि रझाकार निघून गेले. एका बाईने एकाब्बरकडे बघून तोंड फिरवलं. हाजेराने फुटलेल्या मडक्याचे तुकडे पदरात गोळा केले.

त्यानंतर थोडे दिवस मोकसेदला हवं ते सगळं मिळालं. हाटेत एकाब्बरच्या पाटीकडे कोणी फिरकेना. पोरं त्याला बघून "हावरट, हावरट" करायची. लोक मोकसेदची ढेप हुंगायचे आणि न विचारता घ्यायचे. आणि मोकसेदला त्यातला एकही दिवस अंगी लागला नाही. खोटा डाव जिंकल्यासारखा तो पाटी रिकामी करून मान खाली घालून घरी यायचा.

मग डिसेंबरात मिलिटरी एका रात्रीत छावणी सोडून पळाली. कुद्दूस कुठे गेला ते आजही कोणाला माहीत नाही. नदीपल्याडून मुक्तीची पोरं आली, दाढ्या वाढलेली, अनवाणी, आणि त्यांनी आधी विचारलं, "एकाब्बरचाचा कुठे आहेत?" त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन अख्ख्या गावातून फिरवलं. निजलेल्या झाडावरच्या मडक्याची गोष्ट भरल्या हाटेत सांगितली. आणि गावाने त्या गोष्टीला आपली शेपूट जोडली: एकाब्बर किती हुशार! रझाकार येणार हे त्याला आधीच कळलं, म्हणून त्याने संध्याकाळीच झाड कापून ठेवलं. काय डोकं!

आणि मोकसेद? "तोच तो, हाटेत बोंबलला होता." लोक फार वाईट बोलले नाहीत. त्याला मारलंही नाही. एकाब्बरच मध्ये पडला, "जाऊ द्या, तो गुळाबद्दल बोलत होता." पण पाटीपुढे पुन्हा कोणी थांबेना.

"सांगा ना लोकांना," सायरा म्हणाली. तिला तोवर त्याने सगळं सांगून टाकलं होतं. "झाड तुम्ही कापलंत, म्हणून तो जिवंत आहे."

"आणि कापावं का लागलं, कुद्दूसला शुक्रवार कोणी सांगितला, ते कोण सांगेल? तू?"

सायराने चुलाणात सरपण सारलं.

त्या हिवाळ्यात एकाब्बरने त्या झाडाला पुन्हा कोयता लावला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने कापलं, जसं करतात तसं, पण तो एक काप तसाच ठेवला. शाळेतली पोरं मास्तरांबरोबर झाड बघायला यायची. मास्तर काठीने वर दाखवायचे, "तो बघा एकाब्बरचाचांचा काप." मोकसेद आपल्या झाडावरून ऐकायचा आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. स्वतःच्याच कामावर जळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी एका दुपारी तो एकाब्बरच्या अंगणात गेला. एकाब्बर कोयत्याला धार लावत होता. हाजेराने पाट दिला, मुरमुरे आणि ढेपेचा तुकडा आणून ठेवला आणि आत गेली. मोकसेदने ढेपेला हात लावला नाही.

"एकाब्बरभाई, लोक तो काप तुमचा म्हणतात."

"म्हणतात."

"तुम्ही काही बोलत नाही."

"तू म्हणशील तर बोलतो," एकाब्बर म्हणाला. "आज हाटेत उभा राहून सांगतो. पण मला अर्धं सांगता येत नाही, मोकसेद. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल. सांगू?"

कोयता दगडावर घासला जात राहिला. मोकसेदने मुरमुरे बाजूला सारले. मग तो हळूच म्हणाला, "नको." आणि उठला. अंगणाच्या कडेला मात्र त्याला राहवलं नाही. आयुष्यभर जे विचारायचं होतं, ते त्याने पाठ फिरवूनच विचारलं.

"कसा होता? काप?"

एकाब्बरने कोयता खाली ठेवला. "मी वर चढून बघितला. दोनदा चढलो. माझ्या हातून असा एकही पडला नाही कधी."

मोकसेद वाटेला लागला. त्याला वाटलं होतं, हे ऐकल्यावर निखारा विझेल. बांधापर्यंत तो खरंच हलका चालला. मग वाकड्या झाडाखाली येऊन त्याने वर बघितलं आणि त्याच्या मनात आलं, मी त्याच्या जागी असतो, तर हे बोललो असतो का? उत्तर त्याला माहीत होतं. तो तिथेच उभा राहून रागाने रडला. एवढ्यातही एकाब्बरच पुढे होता.